आपलंच बेट, पण पासपोर्ट असू द्या

पोर्तो रिको हे बेट अमेरिकेत येतं की येत नाही, हा प्रश्न लखनौच्या गोमतीनगरात संध्याकाळच्या चहाला निघण्याचं खरं तर काही कारण नव्हतं. इथल्या चहाचे प्रश्न ठरलेले आहेत. यंदा मलिहाबादचा दसहरी कसा उतरला, हजरतगंजात गाडी लावायला जागा मिळते का, आणि टुंडेच्या कबाबात ते म्हणतात तसे एकशेसाठ मसाले खरंच पडतात का. पण ताई आणि भाऊजी सध्या न्यू जर्सीला मुलाकडे आहेत, मुलाने नाताळच्या सुट्टीत सगळ्यांना पोर्तो रिकोला न्यायचं ठरवलंय, आणि भाऊजींचा व्हॉट्सअॅपवर निरोप आला: "पासपोर्ट बरोबर घ्यायचा का? पोरगा म्हणतो, डोमेस्टिक आहे."

भाऊजी आरडीएसओतून निवृत्त झाले. रेल्वेसाठी संशोधन करणारं आणि मानकं ठरवणारं हे कार्यालय १९५७ साली निघालं, ते इथल्या मानकनगरात आहे. रुळापासून डब्याच्या स्प्रिंगपर्यंत प्रत्येक वस्तूचं एक मानक असतं आणि प्रत्येक मानकाला एक क्रमांक असतो, या श्रद्धेवर त्या माणसाने अख्खी नोकरी केली. "डोमेस्टिक आहे" या वाक्याला क्रमांक नाही. त्यामुळे ते त्यांच्या पचनी पडेना.

त्यात प्रश्न गोमतीनगरात आला. पासपोर्टचं क्षेत्रीय कार्यालय आमच्याच भागात आहे, आणि त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या-येणाऱ्याला कागदपत्रांतलं आपोआप कळायला लागतं अशी इथली समजूत आहे. शेजारच्या वकीलसाहेबांनी कप खाली ठेवला आणि निकाल दिला, "जनाब, मुल्क एक, झंडा एक, तो काग़ज़ किस बात का?" वाक्य इतकं गोळीबंद होतं की खोडून काढायला जीव होईना. अडचण एवढीच की ते खरं नाही.

म्हणजे अर्धं खरं आहे. १८९८ साली अमेरिका-स्पेन युद्ध झालं आणि पॅरिसच्या तहात पोर्तो रिको अमेरिकेच्या पदरात पडलं. तेव्हापासून झेंडा एकच. न्यूअर्कहून सान हुआनला जाणारं विमान देशांतर्गतच धरतात. उतरल्यावर इमिग्रेशनची रांग नाही, शिक्का नाही, "किती दिवस राहणार" ही विचारपूस नाही. अमेरिकन नागरिकाला वाहनपरवान्यावर जाता येतं. तो ‘रिअल आयडी’ जातीचा असला म्हणजे झालं, कारण ७ मे २०२५ पासून त्यांच्या विमानतळांवर तसा आग्रह सुरू झाला. पण हे सगळं नागरिकाचं. जो नागरिक नाही, त्याने आपण या देशात कोणत्या नात्याने राहतो आहोत याचा पुरावा जवळ ठेवायचा. ग्रीन कार्डवाल्याने ग्रीन कार्ड. पाहुणा म्हणून आलेल्याने पासपोर्ट आणि आय-९४, म्हणजे कधी आलात आणि कधीपर्यंत राहू शकता याची नोंद. ती आता कागदावर मिळत नाही, संगणकावर असते, आपण उतरवून छापून घ्यायची. एच-वन-बीवर काम करणाऱ्याने याशिवाय आय-७९७ हे मंजुरीचं पत्र. हे सान हुआनपुरतंच आहे असंही नाही. अठरा वर्षांवरच्या परक्या नागरिकाने आपली नोंदणीची कागदपत्रं सदैव अंगावर बाळगावीत, असा अमेरिकेचा कायदाच आहे. कोपऱ्यावर दूध आणायला निघालं तरी.

भाऊजींची याला हरकत असण्याचं कारण नव्हतं. त्यांची ती निळी, बटनाची, कप्प्याकप्प्यांची प्लास्टिक फाइल आम्ही सगळे ओळखतो. तिच्यात चालू पासपोर्ट, त्याला सुतळीने बांधलेला जुना पासपोर्ट, व्हिसाच्या पानाच्या झेरॉक्स, प्रवास-विम्याची पॉलिसी, पेन्शनची पीपीओ, लग्नाचा दाखला, मुलाच्या कंपनीचं पत्र आणि लखनौ नगर निगमची घरपट्टीची पावती असते. घरपट्टी कशाला, तर "आपण परत जाणार याचा पुरावा". सगळ्यांत पुढे लॅमिनेट केलेलं आधार. ताईने एकदा विचारलं होतं की अमेरिकेत आधार कोण बघणार. "असू द्या," भाऊजी म्हणाले. मराठी माणसाच्या परदेशगमनाचं सगळं तत्त्वज्ञान या दोन शब्दांत मावतं.

खरी गंमत पुढे आहे. अमेरिकेची बेटं एकच झेंडा लावून बसली असली तरी कागदाच्या दृष्टीने प्रत्येकाचा संसार निराळा आहे. पोर्तो रिको आज इमिग्रेशनच्या रेषेच्या आत, जकातीच्याही आत. अमेरिकी व्हर्जिन बेटं १९१७ साली अडीच कोटी डॉलरचं सोनं मोजून डेन्मार्ककडून विकत घेतली. ती इमिग्रेशनच्या आत पण जकातीच्या बाहेर. त्यामुळे तिथे जाताना कोणी हटकत नाही, परतताना मात्र सामानही विचारतात आणि कागदही. तिथे गाड्या डाव्या बाजूने चालतात, हे भाऊजींना कळवलं तेव्हा त्यांना बरं वाटलं. लखनौत गाड्या दोन्ही बाजूंनी चालतात, पण तो वेगळा विषय.

गुआम पोर्तो रिकोबरोबरच स्पेनकडून आलं. तिथे होनोलुलूवरून गेलात तर देशातल्या देशात गेलात. टोकियो किंवा मनिलावरून गेलात तर देशाबाहेर पडून परत आलात. बेट तेच, हॉटेल तेच, फक्त तिकीट स्वस्त मिळालं म्हणून माणूस परदेशी जाऊन येतो आणि त्याचा पत्ता त्याला परतीच्या खिडकीवर लागतो. आणि अमेरिकन सामोआ तर या सगळ्यांचा वस्ताद. तिथलं इमिग्रेशन त्यांचं स्वतःचं. अमेरिकन नागरिकालाही तिथे पासपोर्ट नाहीतर जन्मदाखला, आणि वर पुढचं किंवा परतीचं तिकीट दाखवावं लागतं. परक्याने तिथे पाऊल ठेवलं की कायद्याने तो अमेरिकेबाहेर गेला. परत यायला चालू व्हिसा हवा. तिथे जन्मलेली माणसं अमेरिकेची ‘राष्ट्रीय’ असतात पण ‘नागरिक’ नसतात. हे ऐकून वकीलसाहेबांनी आणखी एक कप चहा मागवला.

हा घोळ कुणा कारकुनाच्या चुकीने झाला असेल असं वाटतं, पण तसं नाही. तो सर्वोच्च न्यायालयात बसून, विचारपूर्वक घातलेला आहे, आणि त्याची सुरुवात संत्र्यांपासून झाली. डाउन्स नावाच्या व्यापारी पेढीने सान हुआनहून न्यूयॉर्कला संत्री आणली. बंदरावर जकात मागितली. पेढी म्हणाली, बेट अमेरिकेचं, शहर अमेरिकेचं, मग जकात कसली? ६५९ डॉलर ३५ सेंट भरले, आणि ते परत मिळावेत म्हणून दावा लावला. १९०१ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला: जकात बरोबर आहे. त्यांतल्या एका न्यायमूर्तींनी जे मत लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की परदेशांच्या दृष्टीने पोर्तो रिको अमेरिकेचंच, पण घरच्या हिशेबात ते परकं. वकीलसाहेबांच्या ‘मुल्क एक, झंडा एक’ला एकशेवीसहून अधिक वर्षांपूर्वीच तिकडे उत्तर मिळालेलं होतं, आणि तेही संत्र्यांच्या पेट्यांवरून.

संत्र्यांनंतर माणसांची पाळी आली. १९०२ च्या ऑगस्टमध्ये इसाबेल गोन्झालेस नावाची तरुण बाई सान हुआनहून न्यूयॉर्कला बोटीने आली. ती गरोदर होती, आणि सरकारवर बोजा पडेल म्हणून तिला एलिस बेटावर अडवून ‘परकी’ ठरवलं. ती लढली. १९०४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ही परकी नाही. मग नागरिक आहे का? त्यावर न्यायालय काहीच बोललं नाही. पोर्तो रिकोच्या लोकांना नागरिकत्व मिळायला १९१७ साल उजाडलं, आणि आजही बेटावर राहणाऱ्या नागरिकाला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. तोच माणूस विमानाने फ्लोरिडात येऊन राहिला की त्याला मत मिळतं. म्हणजे हक्क माणसाला चिकटलेला नाही, तो कोणत्या जमिनीवर उभा आहे त्याला चिकटलेला आहे.

संत्र्यांची आठवण तिथल्या शेतकी खात्याने अजून जपली आहे. सान हुआनहून मुख्य भूमीकडे परतताना प्रत्येकाचं सामान किडी आणि रोपं यांच्यासाठी तपासतात, मग तुम्ही नागरिक असा नाहीतर पाहुणे. जाताना माणसाचा पासपोर्ट एखाद वेळ कोणी न बघितला तरी येताना फळाचा दाखला बघितला जातो. यावर हसायचा आपल्याला अधिकार नाही. आपला हापूस बऱ्याच वर्षांच्या बंदीनंतर २००७ साली अमेरिकेत पोचला, तो लासलगावच्या केंद्रात किरणांचा मारा खाऊन आणि वर प्रमाणपत्र घेऊनच. कागदाशिवाय तिथे आंबासुद्धा जात नाही. ताईने जाताना लोणच्याच्या बरण्या नेल्या, त्याची कथा मी इथे सांगत नाही. तिला वाचून राग येईल.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे पोराच्या ‘डोमेस्टिक’कडे. पोराचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि त्याला ते इतकं पाठ का होतं हे आम्हाला उशिरा लक्षात आलं. त्याच्या पासपोर्टवरचा एच-वन-बीचा शिक्का संपलेला आहे. मुक्काम कायदेशीर आहे. आय-९४ पुढच्या तारखेचं, मंजुरीपत्र हातात, नोकरी चालू. कारण शिक्का हा आत येण्यापुरता असतो, आत राहण्याचा हिशेब आय-९४ ठेवतं. अमेरिकेत तो कितीही हिंडू शकतो. पण एकदा बाहेर पडला की परत येण्याआधी वकिलातीत जाऊन नवा शिक्का घ्यायला हवा, त्यासाठी भेटीची तारीख हवी, ती तारीख कधी मिळेल ते कोणी सांगत नाही, आणि कंपनी तोवर थांबेल का तेही. कॅनडा-मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन येणाऱ्यांसाठी एक सवलत आहे, पण तिच्यातही अटी इतक्या की ती सवलत वाटत नाही.

म्हणून त्याने पोर्तो रिको निवडलं. समुद्र आहे, जुना किल्ला आहे, लोक स्पॅनिश बोलतात, खाणं वेगळं आहे. परदेशी जाऊन आल्याचं समाधान मिळतं आणि कागद मात्र देशातच राहतात. अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांच्या सुट्ट्या अशा आय-९४च्या मापाने बेतलेल्या असतात. पोराला अटलांटिकमधल्या बेटावर जाता येतं, गोमतीनगरला येता येत नाही. हे कळल्यावर चहाच्या टेबलावर थोडा वेळ कोणीच टुंडेचा विषय काढला नाही.

आपल्याकडे असं काही नाही, असं म्हणून कोणी मिशीला पीळ देऊ नये. लखनौहून नेपाळची सीमा जवळ. गाडीने लोक सहज जाऊन येतात. तोच माणूस विमानाने काठमांडूला निघाला तर त्याला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं ओळखपत्र लागतं. लक्षद्वीप तर आपलंच. पण लखनौच्या माणसाला, पुण्याच्या माणसाला, दिल्लीच्या माणसाला तिथे जायला प्रवेशपरवाना काढावा लागतो, नियम १९६७ सालचे. अरुणाचलला जायचं तर इनर लाइन परमिट, आणि त्याचा उगम इंग्रजांच्या १८७३ च्या कायद्यात. यात तिथल्या लोकांच्या जमिनी आणि चालीरीती राखण्याचा हेतू आहे, तो रास्तही आहे. मुद्दा इतकाच, की देश आपला असला म्हणून परवाना सुटतो असं नाही.

गोव्याचं तर मराठी माणसाला चांगलंच ठाऊक आहे. कुलदैवत मंगेश किंवा शांतादुर्गा, मामाचं घर पणजीला, लग्नाची बोलणी म्हापशाला, आणि गोवा पोर्तुगालचा. १९५४-५५ नंतर भारत सरकारने नाकेबंदी केली, आणि मुंबईहून देवाला जायचं तर परवाना आला. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, आणि १९६२ च्या आदेशाने तिथले लोक भारताचे नागरिक झाले. मंगेश आधीही होता तिथेच होता. बदलला तो कागद.

आणि आमचं लखनौ? १८०१ च्या तहात नवाब सआदत अली खानाने निम्म्याच्या आसपास मुलूख कंपनीच्या स्वाधीन केला. उरलेल्या मुलखावर नाव नवाबाचं, आणि शब्द रेसिडेन्सीत बसलेल्या साहेबाचा. पुढे १८१९ त कंपनीच्याच प्रोत्साहनाने गाजीउद्दीन हैदरने स्वतःला बादशहा म्हणवून राज्याभिषेक करून घेतला. हाती काही उरलं नाही की पदवी मोठी मिळते, हा धडा लखनौला दोनशे वर्षांपासून पाठ आहे. १८५६ च्या फेब्रुवारीत उरलेलं राज्यही गेलं आणि वाजिद अली शाह कलकत्त्याला मटियाबुर्जला जाऊन राहिला. रेसिडेन्सीच्या पडक्या भिंती बघायला आलेल्या पाहुण्यांना मी हे सांगतो तेव्हा ते गोळ्यांच्या खुणांचे फोटो काढत असतात.

आम्ही लखनौचे मराठी या बाबतीत जरा जाणकार, कारण आम्ही स्वतःच थोडे बेटावरचे. पुण्यात आम्हाला "तुमचं मराठी छान राहिलंय हो" असं कौतुकाने सांगतात, जणू ते कपाटात डांबरगोळ्या घालून ठेवलं होतं. इथे तीन पिढ्या झाल्या तरी नवा माणूस विचारतो, "आप मूलतः कहाँ से?" आधारवर पत्ता लखनौचा, गणपती दीड दिवसाचा, आणि पोराच्या कॉलेज-प्रवेशाच्या वेळी अधिवासाच्या दाखल्यापायी दोन्ही राज्यांत आम्ही बाहेरचे. परदेशांच्या दृष्टीने आपलेच आणि घरच्या हिशेबात परके, हे त्या न्यायमूर्तींचं सूत्र आमच्यावरही बसतं. तरी पूर्वी गोष्टी सैल होत्या. मुंबईचे वकील विष्णू नारायण भातखंडे यांनी १९२६ साली इथे गाण्याचं कॉलेज उभं केलं, तेव्हा त्यांना अधिवासाचा दाखला कोणी मागितला नाही. आज त्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे, आणि कैसरबागेवरून जाताना मराठी माणसाची मान आपोआप ताठ होते.

या सगळ्यातून मला जे कळलं ते असं. नकाशावर रेषा एकच दिसते, पण प्रत्यक्षात जमिनीवर तीन-चार रेषा एकमेकींवर पसरलेल्या असतात: झेंड्याची वेगळी, जकातीची वेगळी, इमिग्रेशनची वेगळी, मताची वेगळी. नागरिकाला त्या दिसत नाहीत, कारण त्याला कोणी थांबवत नाही. ज्याचं नातं कच्चं आहे त्यालाच त्या दिसतात, आणि त्याच्या पायाला लागतात. म्हणूनच भूगोल खरा कोणाला येत असेल तर तो एच-वन-बीवाल्याला, ग्रीन कार्डाच्या रांगेतल्याला आणि सहा महिन्यांसाठी नातवंडं सांभाळायला गेलेल्या आजी-आजोबांना. भाऊजींच्या फाइलला पोरं हसतात. पण ती फाइल म्हणजे भित्रेपणा नाही. समोरच्या अंमलदाराला प्रश्न विचारायची वेळच येऊ नये, म्हणून आधीच उत्तर तयार ठेवण्याची ती रीत आहे. लखनौत याला तहजीब म्हणतात आणि त्यात ‘पहले आप’ म्हणायचं असतं. विमानतळावर ‘पहले काग़ज़’.

तेव्हा अमेरिकेत राहणाऱ्या आणि पाहुणे म्हणून गेलेल्या मराठी मंडळींना माझं एवढंच सांगणं. पोर्तो रिकोला खुशाल जा. मूळ पासपोर्ट, छापलेलं आय-९४, असेल तर मंजुरीपत्र किंवा ग्रीन कार्ड हातातल्या पिशवीत ठेवा. चेक-इनच्या सामानात टाकू नका. फोनमधल्या फोटोवर विसंबू नका. तिकीट काढताना विमान वाटेत परदेशात उतरत नाही ना, ते बघा. व्हिसाचा शिक्का संपलेला असेल तर सामोआचा बेत पुढे ढकला. आणि खिडकीवर अंमलदाराने कागद मागितला तर "हे तर डोमेस्टिक आहे" असं सांगायला जाऊ नका. तो वाद १९०१ साली एका पेढीने घातला होता, सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता, आणि ती हरली.